येळवशीच्या दिवशी वीस किलोमीटर

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नको नको म्हणताना हेही माझ्याच गळ्यात पडलं. सकाळी संघपाल सरांनी केबिनमध्ये बोलावून चहा मागवला, तेव्हाच ओळखलं. आमच्या डाळ मिलमध्ये मॅनेजर स्वतःहून चहा पाजतो तो काही फुकट नसतो. एचआर म्हणजे ज्या कामाला खातं नाही त्या कामाचं खातं, हे मी आता मान्य केलंय.

काम असं आहे. चार वर्षांपूर्वी आमची मिल हॉलंडच्या कंपनीनं घेतली. आफ्रिकेतल्या मलावी देशातून त्यांची तूर येते, ती इथं लातुरात आणि धर्माबादच्या युनिटला भरडली जाते. आता त्यांच्या मनात आलंय की जगभरातल्या कर्मचाऱ्यांनी एकाच दिवशी वीस किलोमीटर चालायचं. मोबाईलमधलं ॲप मोजणार, आणि माणूस जेवढं चालेल तेवढे पैसे कंपनी मलावीतल्या शाळांना देणार. तिथल्या तूर पिकवणाऱ्यांच्या पोरांसाठी. तारीख वरूनच ठरून आलीय, १९ डिसेंबर, नाताळच्या सुट्टीआधीचा शुक्रवार. धर्माबादवाल्यांनी म्हणे टी-शर्टसुद्धा छापायला टाकले.

मी म्हटलं, सर, आपले लोक कशाला चालतील? सर मूळचे नांदेडचे, शांत माणूस. म्हणाले, ते तुम्हीच बघा मॅडम.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवून शिकवून ह्यांना प्रत्येक गोष्टीत गंमत दिसते. म्हणाले, माणूस वीस किलोमीटर चालून होता तिथंच परत आला तर विस्थापन शून्य. मी कूकर आदळला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना जमवलं. वजनकाट्यावरचे महादेवप्पा उभे राहून म्हणाले, "मॅडम, मोर्चा कुणाच्या इरोधात हाय?" कुणाच्याच नाही, म्हटलं, पोरांच्या शिक्षणासाठी आहे. मग घोषणा कुणाच्या नावानं द्यायच्या, ते काही त्यांना कळेना. पॅकिंगमधल्या एका बाईनं विचारलं, आमच्या पोरांच्या फिया भरायला कोण चालायलंय? सगळे हसले. मीही हसले. दिवसभर ते डोक्यात वळवळत राहिलं. हॉलंडवाल्यांना विचारावं का, की बाबांनो इथलं एखादं गाव का नाही? विचारलं नाही. आधीच माझ्याबद्दल तिकडं फारसं चांगलं मत नाही.

मग पडद्यावर त्यांनी पाठवलेला व्हिडिओ लावला. चिकोंडी नावाची मुलगी आहे, असेल दहा-अकरा वर्षांची. निळा झगा, पायात काही नाही. शाळा दोन टेकड्या ओलांडून. कॅमेऱ्याकडं बघून काहीतरी म्हणते, खाली लिहून येतं की तिला नर्स व्हायचंय. ती तुरीच्या पिकात उभी आहे आणि तूर तिच्या डोक्याच्या वर गेलीय.

तूर तीच की. तीच पिवळी फुलं, तशाच शेंगा. महादेवप्पा म्हणाले, ही उदगीरची म्हणून दाखवली तरी कुणी ओळखायचं न्हाई.

माझं बी.कॉम.सुद्धा तुरीवरच झालं. तूर विकली गेली की माझा मोठा भाऊ अण्णा फी घेऊन लातूरला यायचा, हॉस्टेलच्या दाराशी उभा राहायचा, आत यायचा नाही. कशाला आठवलं कुणास ठाऊक. चालायला नावं मात्र आज बरीच आली.

२९ नोव्हेंबर, शनिवार

रस्ता ठरवण्यात आठवडा गेला. रिंग रोडवर ट्रक अंगावर येतात. औसा रोडला सावली नाही. शेवटी शिरूर अनंतपाळकडं जाणारा रस्ता पक्का केला. मिलच्या बसनं सकाळी निम्म्या वाटेत सोडायचं आणि तिथून चालत शिरूर अनंतपाळ गाठायचं. सपाट रस्ता आहे, गाड्या कमी, बाभळी आहेत. आमचं गावही त्याच रस्त्याला लागतं, अण्णाचं शेत तर डांबराला चिकटूनच आहे, पण त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. बाभळी खरंच आहेत.

सरांनी विचारलं, औशाचा रस्ता जवळ नाही का पडत? मी त्यांना सावलीबद्दल इतकं बोलले की ते बरं बरं म्हणाले.

ह्यांना नकाशा दाखवला. बघून हसले आणि चष्मा पुसायला लागले. हसण्यासारखं काय होतं ते विचारलं, तर सांगितलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

माझ्यासारखी मूर्ख मीच. गॅसची तारीख बघायला कॅलेंडर उलटलं, तर १९ तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलेलं: वेळा अमावस्या. म्हणजे आमची येळवस.

लातूर जिल्ह्यात जन्मलेल्या बाईनं येळवशीला चालण्याचा कार्यक्रम ठेवायचा! त्या दिवशी शहरात कुत्रं दिसत नाही. दुकानं बंद, सगळं लातूर शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, घालायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, ताकातली ज्वारीची आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची, मग डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि पोट तटतटलं की तिथंच लवंडायचं. आणि रस्त्यानं जाणारा कुणी असो, ओळखीचा नसला तरी, त्याला उपाशी सोडायचं नाही. हात धरून बांधावरून आत ओढतात. त्या रस्त्यानं मी चाळीस माणसं घड्याळ लावून नेणार आहे.

आई असताना चार दिवस आधी तिचा फोन यायचा. खोबरं घेऊन ये, मागच्या वेळचं खवट निघालं. ह्यांना मफलर घाल, शेतात वारं असतं. आई गेल्यावरची पहिली येळवस दुखवट्यात गेली, ते ठीक. गेल्या वर्षी अण्णा बोलावेल म्हणून मी आठवडाभर फोन उशाशी घेऊन होते. आला नाही. त्या दिवशी आम्ही दोघांनी घरात बसून पिठलं-भात खाल्ला. सगळी कॉलनी रिकामी, आम्ही आपले दार लावून.

अण्णाचा राग कशाचा आहे ते मला माहीत आहे. त्याच्या आधीच्या फेब्रुवारीत अण्णा ट्रॅक्टरभर तूर घेऊन आमच्या गेटवर आला होता. मलावीचा माल येऊन पडलेला, खरेदी बंद. गेटवरच्याला ठाऊक नव्हतं की हा माझा भाऊ. अण्णानं मला फोन केला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. खरंच होते. खाली येईपर्यंत तो ट्रॅक्टर वळवून गेलेला. खरेदी माझं खातं नाही, हे मी त्याला समजावून सांगितलं असतं, पण त्यानं विचारलं तर पाहिजे. तेव्हापासून राखी कुरियरनं जाते आणि भाऊबीजेला फक्त वहिनीचा फोन येतो.

मी फोन करणार नाही. आवतनाशिवाय, न बोलावता जायला मी काही वाटेवर पडलेले नाही.

३ डिसेंबर, बुधवार

हॉलंडचं उत्तर आलं. तारीख बदलता येत नाही, जगभर एकच दिवस. खाली हसरा चेहरा. धर्माबादचं बरं आहे, त्यांच्याकडं येळवस नाही. ते सुसाट चालणार आणि तक्त्यात वर जाऊन बसणार.

महादेवप्पांनी ऐकलं आणि दोन्ही कानांना हात लावले. शेवटी तोड काढली की पहाटे निघायचं, कुठंही न थांबता बाराच्या आत चालणं संपवायचं, मग बस ज्याला त्याला त्याच्या त्याच्या शेतावर सोडेल. चाळीस जण तयार झाले. कुणी बांधावरून हाक मारली तर काय करायचं, हेही सांगून ठेवलं. हात जोडायचे, जेवण झालं म्हणायचं आणि पुढं चालायचं. सोपं आहे.

८ डिसेंबर, सोमवार

वहिनीचा फोन. सरजाबाई माणूस मायाळू, पण चौकशी फार. तुम्ही चालत येणार असं ऐकलं, किती जण आहात? चाळीस. बायका किती? आमच्या रस्त्याला कधी लागाल? कांदा-लसूण न खाणारं कुणी आहे का? मी म्हटलं, वहिनी, जनगणनेचं काम घेतलंय का? ती हसली आणि मग आवाज खाली करून विचारलं, तिखट सोसतं का समद्यांला? आता चालणाऱ्यांना तिखट सोसतं की नाही ह्याचा काय संबंध?

येळवशीचा एक शब्द नाही. मीही काढला नाही. फोन ठेवल्यावर उगाच कपाट आवरायला घेतलं, निम्म्यात सोडून दिलं.

११ डिसेंबर, गुरुवार

अण्णाचा फोन आला. जवळजवळ दोन वर्षांनी स्वतःहून. नाव बघून दुसऱ्या रिंगच्या आत उचलला, खोटं कशाला लिहू.

आणि बोलला काय? "माझ्या बांधावर बोर्ड कुणाला इचारून रोवला? आत्ताच्या आत्ता काढून घे." झालं. ठेवला फोन.

मी रस्त्याच्या कडेनं आमचे फलक लावायला माणूस पाठवला होता. एका बाजूला चिकोंडीचा फोटो, खाली बाण, आणि मोठ्या अक्षरात, "कृपया इथे थांबू नका. पुढे चला." येळवशीचा मोह आवरावा म्हणून ते वाक्य मी मुद्दाम टाकलं होतं. त्यातला एक नेमका त्याच्या बांधावर रोवला गेला.

त्या पोरीचा फोटोसुद्धा त्याला सहन होत नाही. मलावीची तूर आली, भाव पडला, मान्य आहे. पण त्यात त्या अनवाणी लेकराचा काय दोष? मी तणतणत सगळं ह्यांना सांगितलं. ह्यांनी फलकावरचं वाक्य दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, उज्वला, येळवशीला तुझ्या भावाच्या बांधावर हा बोर्ड? मी म्हटलं, मग काय, मजकूर शुद्ध आहे. ते उठून क्लासला गेले.

फलक काढायला लावला.

१५ डिसेंबर, सोमवार

आठवडाभर सकाळी चालायचा सराव चाललाय. नव्या बुटांनी टाच सोलून निघाली. तरी घरात बसवत नाही. बसले की फोनकडं लक्ष जातं.

वहिनीचा आणखी एक फोन. येणाऱ्यांना ऊन लागेल का, विचारत होती. म्हणाली, आमच्या ह्यांनी यंदा कोप लई मोठी घातलीय. नवरा-बायको दोघं आणि एक सालगडी, एवढ्यांना मोठी कोप कशाला? कडबा जास्त झालाय त्या माणसाला, दुसरं काय. मग म्हणाली, दोन मोठी पातेली शेजारून आणली. मी हं हं केलं. माझ्या डोक्यात पाण्याच्या बाटल्या होत्या.

येळवशीचं आवतन चार दिवस उरले की देतात. आजच चार दिवस उरले होते.

१८ डिसेंबर, गुरुवार

नाही आला फोन.

बरंच झालं. आला असता तर त्या चाळीस जणांना वाटेत सोडून मी कशी गेले असते? आता मोकळेपणानं चालता येईल. त्याच्या शेतावरून जाताना मान वळवायची नाही, असं ठरवलंय. सरळ समोर बघायचं. वही बंद करून परत उघडली आणि हे लिहितेय, म्हणजे ठरलंय ते पक्कं ठरलंय.

२० डिसेंबर, शनिवार

पाय उचलत नाहीत, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

सकाळीच सरांचा फोन आला. निकाल लागला. धर्माबाद वरून तिसरं. आपण शेवटून दुसरे. शेवटचे कुठले म्हणाल, तर कुठल्याशा देशात बर्फात अडकलेले. आणि हॉलंडच्या बाईंनी विचारलंय की नकाशावर तुमची रेघ एका जागी नुसती गोल फिरलेली दिसते, तिथं काही स्टेडियम आहे का? सर म्हणाले, मॅडम, उत्तर तुम्हीच लिहा, मला इंग्रजीत आंबील सांगता येणार नाही.

तर झालं ते असं.

पहाटे थंडी मरणाची. बसमधून उतरून निघालो तेव्हा सगळे जोशात होते. महादेवप्पांनी चिकोंडीचा एक फलक खांद्यावर घेतला, त्यांचं म्हणणं, हातात काही नसलं तर मोर्चा वाटत नाही. पहिले चार किलोमीटर मजेत गेले. मग ऊन वर आलं आणि बैलगाड्या, टमटम, मोटरसायकली, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, सगळी माणसं शेतांकडं निघाली.

पहिल्याच बांधावर एक म्हातारा आडवा आला. आम्ही शिकवल्याप्रमाणं हात जोडून म्हणालो, जेवण झालं. म्हातारा म्हणाला, "येळवशीला सकाळच्या पारी कुठं जेवलाव? कुणाच्या शेतात?" आता ह्याला काय सांगायचं? खोटं सांगितलं तर शेत कुणाचं ते सांगावं लागतं, आणि त्याला पंचक्रोशीतली सगळी शेतं पाठ. पॅकिंगच्या बायका तर हाकेची वाटच बघत होत्या. तिथं घोट घोट आंबील झाली. पुढच्या शेतात उंडे मिळाले, ते खिशात. त्याच्या पुढच्या शेतात सरांना खाटेवर बसवलं, आणि सर, नांदेड शहरातला माणूस, दुसऱ्यांदा खीर मागून घेत होते. मी पुढं पळायचे, मागं पळायचे, घड्याळ दाखवायचे. गुराख्याचं काम बरं. शाळेचे पैसे बुडताहेत, म्हणायचे, चिकोंडीचे पैसे बुडताहेत. लोक मान हलवायचे आणि चावत राहायचे.

अकरा किलोमीटर झाले तेव्हा बारा वाजून गेले होते. तिथंच आमचं गाव लागलं.

मी पुढं होते आणि ठरवल्याप्रमाणं सरळ समोर बघत होते. पण समोरच अण्णा उभा. रस्त्याच्या मधोमध, धुवट धोतर, खांद्यावर टॉवेल, हात जोडलेले. डोक्यावरचे केस पांढरे झालेत त्याचे. मागं कोप, लग्नाच्या मांडवाएवढी. तिच्यापुढं चटयांच्या रांगा अंथरलेल्या आणि चुलीवरून उतरवलेली मोठमोठी पातेली झाकून ठेवलेली. पूजा मांडलेली, पण झालेली नव्हती. आजूबाजूच्या सगळ्या शेतांत लोक जेवून आडवे झाले होते आणि हा अजून खोळंबला होता.

"या, या," तो एकेकाला म्हणाला, "येळवस हाय. उपाशी जायचं न्हाई." सरांना, महादेवप्पांना, बायकांना, प्रत्येकाला वेगळं या म्हणाला. माझ्यासमोर आला तेव्हा काहीच म्हणाला नाही. बाजूनं पुढं गेला आणि माझ्या मागच्याला म्हणाला, या.

सगळे आत गेले. मी रस्त्यावर राहिले.

मग मी त्याच्या बांधाच्या दगडावर बसले, डांबराच्या बाजूला पाय करून. पंधरा मिनिटं, असं ओरडून सांगितलं, कुणी ऐकलं नाही. आत पूजा झाली. अण्णानं आंबिलीचं मडकं घेतलं आणि शेताच्या फेरीला निघाला, आणि ते चाळीसच्या चाळीस त्याच्यामागं निघाले. हरभऱ्यातून, ज्वारीच्या कडेनं, तुरीच्या ओळींतून. एक फेरी झाली तर महादेवप्पा म्हणाले, मॅडमचे किलोमीटर राहिलेत, आणखी मारू. सगळ्यांच्या खिशात फोन. अण्णाला काय कळलं कुणास ठाऊक, तो थांबला नाही. फिरतच राहिला, आंबील शिंपडत. प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून जायचा आणि माझ्याकडं बघायचा नाही. मलावीच्या पोरांसाठी माझे लोक माझ्या भावाच्या शेताला प्रदक्षिणा घालत होते आणि मी एकटी बाहेर. इतकं एकटं मला आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

पंगत बसली. वहिनी पदराला हात पुसत बांधावर आली. "वन्सं, चला की आत." मी म्हटलं, मला कुणी बोलावलंय? माझा आवाज आतपर्यंत गेला असणार, कारण पंगतीतला गलका थांबला. अण्णा हातातलं पातेलं घेऊन तसाच आला.

"आवतन पाव्हण्याला देतात," तो म्हणाला. "तुला कसलं आवतन?"

"आई असताना फोन यायचा."

"आई तुला आवतन द्यायची व्हय? खोबरं आणायला सांगायची ती."

खोबरंच सांगायची. खोबरं आणि मफलर. ये असं ती कधी म्हणाली होती, हे मी तिथं बसून आठवत राहिले आणि आठवेना.

अण्णा एक पाऊल जवळ आला. मग खालच्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, "त्या दिवशी तू गेटापतुर आली न्हाईस. म्हटलं, बांधापतुर तरी येती का बघावं."

मी मीटिंगमध्ये होते, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. दोन वर्षं तयार ठेवलेलं वाक्य होतं.

त्यानं भज्जीचं पातेलं माझ्या हातात दिलं. चांगलंच जड होतं. "वाढ. चाळीस पानं हायत आन् तू बसून राहिलीस."

मी उठले. बूट बांधावर काढले, सोललेल्या टाचा ढेकळांत रुतल्या, आणि मी वाढायला लागले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. हातात पातेलं, पुसणार कशानं? सर म्हणाले, मॅडम, बस बस, तरी मी त्यांना वाढतच होते. महादेवप्पांनी पानावर आडवा हात धरला तेव्हा भानावर आले. पॅकिंगच्या बाईनं विचारलं, मॅडम, हे तुमचं माहेर? आधी का न्हाई सांगितलं? वहिनी म्हणाली, त्यांना तिखट सोसतं का इचारलं तर म्हणल्या काय संबंध. सगळे हसले. बोर्डाचंही निघालं. अण्णानं ते ‘इथे थांबू नका’ वाचलं, त्या दिवशी जेवलाच नाही म्हणे.

जेवण झाल्यावर चालायचं कुणाच्या बापाला होतं? लोक तुरीच्या सावलीला लवंडले. नऊ किलोमीटर शिल्लक होते, त्यातले थोडेसे त्या फेऱ्यांत झाले असतील. बाकीचे बुडाले, म्हणजे शाळेचे तेवढे बुडाले. हे मला टोचतंय आणि टोचत राहणार. माझं माहेर मला मिळालं, त्याचे पैसे त्या पोरीच्या शाळेनं भरले, असा हिशेब कुणी मांडला तर मी काय म्हणू? हॉलंडच्या बाईंना हे कसं लिहायचं, अजून सुचलेलं नाही. राहिलेले किलोमीटर एखाद्या रविवारी चालले तर धरता का, एवढं विचारणार आहे. नाही म्हणतील. तरी विचारणार.

शेवटच्या पंगतीला आम्ही घरचेच उरलो. अण्णा माझ्या शेजारी बसला. महादेवप्पांनी फलक कोपीला टेकवून ठेवला होता, त्यावर चिकोंडी. अण्णा जेवता जेवता सारखा तिच्याकडं बघत होता.

"तूर बेस हाय," म्हणाला. एक घास घेऊन म्हणाला, "हिच्या बापाला काय भाव भेटतो?"

मला माहीत नव्हतं. चार वर्षं ती तूर माझ्या डोळ्यांसमोर पोत्यांतून उतरतेय आणि मला माहीत नव्हतं.

"इचार," तो म्हणाला. "आमचं मातेरं करून त्याला तरी भेटतो का, बघ." आणि हेही सांगून टाकलं की जानेवारीत माल तुमच्या मिलला आणणार नाही, उदगीरला घालणार. मी बरं म्हटलं.

वहिनीला त्या फोटोचं राहवेना. पोरगी आपल्या बांधावर आलीय, म्हणाली, उपाशी कशी जाईल? आणि एक पान घेऊन त्यात भज्जी, उंडा वाढला आणि फलकापुढं ठेवायला वाकली. अण्णानं तिचा हात धरला. "जित्या लेकराच्या फोटोपुढं पान मांडतेत का? इपरीत काय करायलीस?" वहिनी चपापली. पान हातात तसंच. ठेवताही येईना, परत पातेल्यात टाकताही येईना.

अण्णानं त्या पानातला उंडा उचलला आणि माझ्या पानात ठेवला.

"हा तिच्या वाटणीचा," म्हणाला. "तू खा."

माझं पोट केव्हाच भरलं होतं. मी खाल्ला.